गेम अडखळतोय? हँडहेल्डवर आणि लिनक्सवर मी काय काय करून बघते

"मावशे, गेम अडाकता गो," म्हणत भाचा मे महिन्यात मुंबईहून आला तो थेट माझ्या दुकानातच. खांद्यावरची सॅकसुद्धा उतरवली नव्हती आणि हातात स्टीम डेक, वॉल्व कंपनीचं हँडहेल्ड. ते विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालतं. देवगडात माझं कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉप शेकड्यांनी उघडलेत, पण दोन हातांत धरून खेळायचा आख्खा पीसी तेव्हा पहिल्यांदाच जवळून बघितला. तलवारबाजीचा कुठलासा गेम होता. नाव लिहीत नाही, कारण दोष गेमचा नव्हताच. नायक उडी मारतो आणि नेमकं तेव्हाच चित्र क्षणभर थबकतं. वर कोपऱ्यात आकडा मात्र ५५ दिसतोय. भाच्याचा प्रश्न रास्त होता: सेकंदाला ५५ चित्रं येतायत, मग अडकल्यासारखं का वाटतं?

याचं उत्तर नीट समजलं की पुढची निम्मी कामं सोपी होतात, म्हणून आधी तेच सांगते. या डेकचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र घेतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एकदा. गेमला एखादं चित्र तयार करायला १८ मिलिसेकंद लागले, तर त्याची पाळी हुकते. पडदा जुनंच चित्र पुन्हा दाखवतो आणि नवं थेट ३३.३ मिलिसेकंदाला दिसतं. जयगडच्या जेटीवर दोन मिनिटं उशिरा पोचलात तरी पुढच्या फेरीबोटीपर्यंत थांबावंच लागतं, तसं. सरासरी ५५ येते, पण मधूनमधून हुकलेली पाळी डोळ्याला बरोबर कळते.

म्हणून मी आकडा बाजूला ठेवते आणि आलेख उघडते. उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चित्रावर जा आणि परफॉर्मन्स ओव्हरले एकेक पायरी वाढवत न्या. दर फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, लागणाऱ्या वेळेची एक बारीक रेघ दिसायला लागेल. रेघ सपाट असेल तर गेम सुरळीत आहे, मग आकडा ३० असो की ६०. भाच्याच्या डेकवर ती करवतीच्या दातांसारखी होती, आणि मधेच एखादा सुळका पार वरपर्यंत जायचा. दात आणि सुळके हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

आधी दात. मशीनला जो वेग सतत झेपतो तोच बांधून द्यायचा. एलसीडीच्या डेकचा पडदा ४० ते ६० हर्ट्झमध्ये (सेकंदाला इतकी चित्रं) कुठेही ठेवता येतो, आणि माझा भरवसा ४० वर आहे. ४० म्हणजे दर चित्राला २५ मिलिसेकंद. १६.७ आणि ३३.३ यांच्या बरोबर मधोमध येतो तो. आकड्यात ४० हा ३० च्या जवळचा वाटतो, पण वेळेच्या हिशोबात तो ३० आणि ६० च्या मध्यावर बसतो, आणि हाताला तसाच लागतो. २०२३ च्या ओएलईडी डेकचा पडदा ९० हर्ट्झचा आहे. तिथे ४५ बांधा, म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दाखवलं जातं. डेकच्या नव्या स्टीमओएस प्रणालीमध्ये फ्रेम लिमिटचा एकच स्लायडर आहे, पडद्याचा वेग तो आपला आपण जुळवून घेतो. त्याच पानावर 'प्रत्येक गेमसाठी वेगळं प्रोफाइल' हा पर्याय न विसरता चालू करा. नाहीतर एका हलक्या गेमसाठी कमी केलेली वीज दुसऱ्या जड गेमला लागू पडते, आणि माणूस भलतीकडेच बिघाड शोधत बसतो.

४० सुद्धा झेपत नसतील तर गेमच्या सेटिंगमध्ये जा. सगळं एकदम 'लो' करू नका, चित्र उगाच उजाड होतं. आधी सावल्या एक पायरी खाली आणा, मग धुकं, मग पाण्यातली आणि काचेतली प्रतिबिंबं. सात इंचांच्या पडद्यावर यांतला फरक शोधावा लागतो. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवरची पोताची चित्रं, शक्यतो तसेच राहू द्या; ते मुख्यतः मेमरी खातात, चित्र काढण्याचा वेळ फारसा नाही. इतकं करूनही जमलं नाही, तर गेमचं रिझोल्यूशन १२८०×८०० वरून खाली आणा आणि तीन ठिपक्यांच्या पानावर स्केलिंग फिल्टरमध्ये एफएसआर निवडा, तो लहान चित्र पडद्याएवढं मोठं करून धारदार करतो. बारीक अक्षरं जराशी खडबडीत दिसतात. माझ्या डोळ्यांना ते खुपतं, भाच्याला चालतं.

आता सुळके. यांनीच पोराचा जीव खाल्ला होता. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो तो प्रोटॉनमुळे. वाइन या जुन्या प्रकल्पावर बांधलेलं प्रोटॉन वॉल्वने २०१८ मध्ये आणलं. गेम डायरेक्टएक्स या विंडोजच्या चित्र काढण्याच्या भाषेत बोलतो, आणि प्रोटॉनच्या पोटातलं डीएक्सव्हीके त्याचं वल्कन या लिनक्सला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतं. आग, धूर, पाण्याचा उडालेला थेंब अशी प्रत्येक नवी गोष्ट दाखवायला शेडर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. तो ऐन वेळी तयार करायला घेतला की तेवढा क्षण गेम थांबतो. डेक सगळे साधारण एकाच घडणीचे असल्याने स्टीम, म्हणजे वॉल्वचं गेमचं ऑनलाइन दुकान, हे शेडर आधीच तयार करून गेमसोबत उतरवून देतं. भाच्याने मोबाइलचा डेटा वाचावा म्हणून नेमकं तेच डाउनलोड रद्द केलं होतं! दुकानाच्या वाय-फायवर ते पूर्ण होऊ दिलं आणि सुळके बहुतेक गेले.

तुमच्याकडे हाच आजार आहे का ते ओळखायची साधी खूण: तोच भाग लागोपाठ दोनदा खेळा. पहिल्यांदा अडखळला आणि दुसऱ्यांदा नाही, तर शेडर. दोन्ही वेळा त्याच जागी अडखळला, तर मशीनवर भार जास्त होतोय.

गेम सुरूच होत नसेल किंवा मधला व्हिडिओ काळा दिसत असेल, तर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीखाली प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडा. मी आधी एक्स्पेरिमेंटल ही वॉल्वची प्रायोगिक आवृत्ती बघते, मग जीई-प्रोटॉन ही बाहेरच्यांनी बनवलेली. ते उतरवायला डिस्कव्हर या ॲपच्या दुकानातून प्रोटॉनअप-क्यूटी हा प्रोग्रॅम घ्या. मात्र दहा आवृत्त्या चाळण्याआधी प्रोटॉनडीबी या खेळणाऱ्यांच्या अनुभवांच्या साइटवर गेमचं नाव शोधा, दुसऱ्या कुणीतरी तो त्रास आधीच काढलेला असतो. आणि व्हॅलोरंट, फोर्टनाइट यांच्या मागे लागू नका. त्यांची चीटिंग पकडणारी यंत्रणा लिनक्सवर चालू देत नाही. कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, आणि गिऱ्हाइकाला मी हे पैसे घेण्याआधीच सांगते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अपडेटचा आधार संपल्यापासून माझ्याकडे जुने लॅपटॉप जास्त यायला लागलेत. अकरा चढत नाही, मशीन तर धडधाकट आहे, मग मी लिनक्स मिंट ही लिनक्सचीच एक आवृत्ती घालून देते. त्यावर गेम खेळायचे असतील तर पहिला प्रश्न ग्राफिक्सचा. डीएक्सव्हीकेला दुसऱ्या आवृत्तीपासून वल्कन १.३ लागतं, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या चिपना ते नीट येत नाही. अशा मशीनवर प्रोटॉन ७ निवडून बघा आणि जुने, हलके गेमच खेळा. दुसरी गोष्ट रॅमची, आणि ती मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप चित्रांसाठी रॅमच वापरतो. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरा खाचा रिकामा आहे का ते बघा. तिथे जोडीची पट्टी बसवली की मेमरीकडे जायचा रस्ता दुपदरी होतो. सेटिंगच्या कुठल्याही खटपटीपेक्षा या एका पट्टीने जास्त फरक पडलेला मी पाहिलाय. तिसरं, गेम विंडोजच्या जुन्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवून प्रोटॉनने चालवू नका, लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर हलवा. आलेख बघायला मँगोहड हा प्रोग्रॅम टाकून घ्या. मग स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये रोमन लिपीत मँगोहड हा शब्द, एक जागा सोडून टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये कमांड हा शब्द लिहिला की झालं.

आता आपल्या किनाऱ्याचं. डेकसाठी बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत असावी असं वॉल्व सांगतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या पडवीत त्याहून जास्त असते. डेक मागून हवा घेतो आणि वरून सोडतो, त्यामुळे गोधडीवर टेकवून खेळलात तर त्याचा श्वासच कोंडतो. खारी हवा तर याहून वाईट. बंदराजवळच्या घरातला एक लॅपटॉप मी गेल्या पावसाळ्यात उघडला. पंख्याच्या पात्यांवर तपकिरी, बोटाला चिकटणारा थर होता, धूळ आणि खारं दमट मिळून झालेला, आणि तांब्याच्या नळीवर हिरवट कड. ब्लोअरने तो हलत नाही. मऊ ब्रश आयसोप्रोपिलमध्ये बुडवून एकेक पातं पुसावं लागलं. ब्लोअर मारायचाच झाला तर पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. डेक उघडणार असाल तर स्क्रूला हात लावायच्या आधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. आत राहिलं तर मागचं कव्हर उघडताना ते मोडतं. पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा डेक सिलिका जेलच्या चार पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि वीज. जूनच्या पहिल्या वादळात तारेवर माड पडला की दोन दिवस दिवे नसतात, हे इथे कुणाला सांगायला नको. एलसीडी डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. सगळं मिळून २० वॉट खाल्ले तर दोन तासांत संपते, १२-१३ वर आणलं तर तीन तासांच्या वर जाते. म्हणून ४० हर्ट्झ बांधल्यावर टीडीपी लिमिट, म्हणजे चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, १५ पासून एकेक वॉट खाली आणत जा आणि डोळे रेघेवर ठेवा. रेघ थरथरायला लागली की एक वॉट परत द्या. हे गेममधल्या सगळ्यात गर्दीच्या जागी उभं राहून करा, मोकळ्या अंगणात नव्हे.

भाचा परत निघाला त्याच्या आदल्या रात्री आम्ही एवढं केलं: सगळी अपडेट पूर्ण उतरवली, प्रत्येक गेम एकदा सुरू करून बंद केला, आणि मग स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाकलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा 'राजी' त्याने माझ्या सांगण्यावरून घेतला होता, तोही ४० वर बांधून दिला. कोकण रेल्वेत रत्नागिरीपुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि तिथे नेट कसलं मिळतंय. पनवेल यायच्या आधी त्याचा फोटो आला. फोटोत गेम अर्धाच दिसत होता, आलेख मात्र त्याने नीट पकडला होता: एक सपाट रेघ, आणि कोपऱ्यात ४०.