डीएसएलआरला रोजच्या वापराची लेन्स घेताय? या चुका टाळा

कॅमेरा जरा हातात बसला की प्रत्येकाला वाटतं आपली किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स, बेकार आहे. मग लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या पोराला विचारायचं, यूट्यूब बघायचं, आणि सगळीकडं एकच उत्तर, ५० एमएम एफ १.८ घे की, स्वस्त आहे, मागचं मस्त ब्लर होतंय (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेते). लेन्स चांगलीच आहे, वाद नाही. पण रोजची एकच लेन्स म्हणून घेतलात तर पंचाईत, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला सेन्सर मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा लहान, त्यावर ५० एमएम म्हणजे निकॉनला ७५ आणि कॅननला ८० एमएमसारखी दिसते, फोटोत कमी मावतं.

घेण्याआधी टेप घेऊन बघा. दहा फूट रुंद माणसांची रांग आडव्या फोटोत बसवायला ५० एमएमवर साधारण एकवीस फूट मागं जायला लागतं, ३५ वर पंधरा, आणि १८ वर आठाच्या आत भागतं. आता आपल्या बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरातला सोपा डोळ्यासमोर आणा, बारसं चाललंय, पाळण्याभोवती बायका, आणि तुम्ही एकवीस फूट मागं जाणार कुठं, रस्त्यावर? घरातल्या कार्यक्रमाला निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ १.८ डीएक्स बघावी, कॅननला ईएफ-एसमधली (डीएक्स आणि ईएफ-एस म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीच्या लेन्स) २४ एमएम एफ २.८ येते, छोटी चपटी, गळ्यात जड होत नाही. बजेट असेल तर १७ ते ५० एमएम झूम होणारी १७-५० एफ २.८, टॅमरॉन किंवा सिग्माची, माझ्या मते रोजच्यासाठी हीच सगळ्यात कामाची.

दुसरी चूक याच्या उलटी. एकदाच १८-३०० ची मोठी झूम घेतो, परत बदलायची कटकट नको. दिवसा राजहंसगडावर वगैरे भारी वाटते, पण शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री ३०० ला नेलात की ती एफ ६.३ च्या आसपास येते, उजेड कमी पडतो, फोकस नुसता पुढं-मागं करत बसतो आणि तोवर रथ पुढच्या चौकात. फिरण्यासाठीच पाहिजे तर निकॉनची १८-१४० नाहीतर कॅननची १८-१३५ पुरे होते की.

आणि खूप जण म्हणालेत लेन्समुळं फोटो ब्लर येतोय. आधी फोटो मोठा करून बघा. मागची भिंत स्पष्ट आणि चेहरा धूसर असेल तर फोकस चुकलाय, एकच फोकस पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवा. सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसतंय तर हात हललाय. भिंत स्पष्ट पण लेझीम खेळणारी पोरंच पसरल्यासारखी दिसताहेत तर शटर स्पीड कमी पडलाय, तिथं लेन्समधलं हादरे आवरणारं व्हीआर (निकॉन) किंवा आयएस (कॅनन) काही करू शकत नाही, ते फक्त तुमचा हात सांभाळतं. म्हणून बेळगाव किल्ल्यातल्या कमल बसदीत, १२०४ सालचं ते जैन देऊळ, छताचं दगडी कमळ अंधारात किट लेन्सनंसुद्धा १८ ला १/१० सेकंदावर छान येतं, दगड कुठं हलतोय. पोरं मात्र १/२५० शिवाय थांबत नाहीत, आयएसओ (सेन्सर उजेड किती टिपतो तो आकडा) १६००-३२०० करा, दाणे आले तर येऊ देत.

जुळण्याचं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते, ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळाली म्हणून घेतलात तर ऑटोफोकस होणारच नाही, एएफ-एस, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली पाहिजे. उलट एएफ-पी, म्हणजे नव्या प्रकारच्या मोटरची लेन्स, डी९०, डी७००० अशा जुन्या बॉडीवर फोकस करत नाही. कॅननची ईएफ-एस फुल फ्रेमवर बसतच नाही.

मिरवणुकीचे, घरचे, फिरतीचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडा, प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेन्थ, म्हणजे तो एमएमचा आकडा, लिहिलेली असते. बहुतेक १८ ते ३५ मध्ये असतील तर झूम वाढवून काय करणार?

सेकंडहँड घेताना मोबाइलची टॉर्च मागून मारून पुढून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस (बुरशी) आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. आपल्याकडं, खानापूरच्या बाजूला तर जास्तच, पावसाळ्यात हे हमखास होतं. लेदरच्या पाऊचमध्ये कपाटात ठेवू नका, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि साताठशे रुपयांचा आर्द्रतेचा मीटर मिळाला तर काटा ४५-५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतं.