पहिलं स्क्रॅपबुक करताना या चुका टाळा

स्क्रॅपबुक कसं झालंय हे पूर्ण झालं त्या दिवशी कळत नाही, एक पावसाळा गेल्यावर कळतं. पानं लाटांसारखी वर येतात, सेलोटेपच्या जागी पिवळे पट्टे उमटतात, समोरासमोरचे दोन फोटो एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. यातलं बरंचसं कागद, गोंद आणि पेन यांच्या निवडीमुळे होतं. नवशिके नेमकी हीच खरेदी घाईत करतात आणि पैसे जातात लेस, मोती, स्टिकरवर. उलट करा. सजावट नंतर कधीही वाढवता येते, पण कागद चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

शाळेच्या प्रोजेक्टची वही घेऊ नका

स्टेशनरीच्या दुकानात स्क्रॅपबुक मागितलं की रंगीत पानांची, मधे पिन मारलेली मोठी वही हातात पडते. तिचा कागद पातळ असतो आणि थोड्या ओलाव्यानेही रंग सोडतो. आठ-दहा पानांवर फोटो लागले की वही फुगते आणि पिनेपाशी पानं फाटू लागतात.

त्याऐवजी २०० ते २५० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) सुटी कार्डशीट घ्या. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, त्यावरून जाडीचा अंदाज येईल. पाकिटावर ‘ॲसिड-फ्री’ (आम्ल नसलेला) आणि ‘लिग्निन-फ्री’ असं दोन्ही लिहिलेलं हवं. लिग्निन हा लाकडातला घटक. उजेड आणि हवा लागून तो पिवळा पडतो; खिडकीत राहिलेल्या वर्तमानपत्राचं होतं तेच.

आकाराच्या बाबतीत १२ बाय १२ इंच हे स्क्रॅपबुकचं ठरलेलं माप आहे, पण पहिल्या वेळी ए-४ बरं. त्याचे कागद, फाइल, प्लास्टिकचे कव्हर सगळीकडे मिळतात. बांधणी रिंगची किंवा स्क्रूची घ्या, म्हणजे बिघडलेलं एक पान काढून नवं घालता येतं. बांधणीच्या बाजूला १ इंच जागा सोडा, नाहीतर फोटोची कड रिंगमध्ये जाते.

सगळ्यात जास्त नुकसान गोंदामुळे होतं

फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते कागदात शिरलं की तंतू फुगतात आणि वाळताना कमीजास्त आकसतात, म्हणून लाटा येतात. त्यात लॅबमधल्या फोटोच्या मागे प्लास्टिकचा पातळ थर असतो. ओलावा फोटोतून बाहेर पडू शकत नाही, सगळा खालच्या पानात जिरतो. गोंद कमी लावून फार फरक पडत नाही, गोंदच बदलावा लागतो.

फोटोसाठी ६ मिलिमीटर रुंदीची ॲसिड-फ्री डबल साइडेड टेप वापरा. फोटो पालथा ठेवून चारही कडांपासून साधारण ३ मिलिमीटर आत टेपच्या पट्ट्या लावा. अगदी कडेला लावली तर चिकट भाग बाहेर डोकावतो, धूळ धरतो आणि समोरच्या पानाला चिकटतो. वरचा कागद आधी फक्त दोन कोपऱ्यांवर थोडासा सोलून बाहेर दुमडा. फोटो जागेवर ठेवा, पट्टीने सरळ आहे का बघा, मग उरलेला कागद हळूहळू ओढून काढा आणि वर कोरा कागद ठेवून तळहाताने दाबा. थेट सगळा कागद सोलून फोटो टेकवला की तो हमखास तिरका बसतो, आणि उचलायला गेलं की पान सोलवटतं.

सेलोटेप नकोच, ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. रबर सोल्युशनचेही डाग पडतात. मैद्याची खळ म्हणजे कसर आणि झुरळांना आमंत्रण. ग्लू गन फोटोवर कधीही नको.

आजी-आजोबांचे स्टुडिओतले कृष्णधवल फोटो तर चिकटवूच नका. ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून प्रत लावा. मूळ फोटोच लावायचा असेल तर फोटो कॉर्नर वापरा. त्यात चारही कोपरे अडकतात, गोंद फोटोला लागत नाही.

फोटो निवडताना आणि कापताना

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोबाइलवर छान दिसतो आणि छापल्यावर धूसर येतो, कारण पाठवताना तो आक्रसलेला असतो. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. ज्याने काढला त्याच्याकडून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. प्रिंट लॅबमधून काढा. घरच्या इंकजेटच्या अनेक प्रिंटवर ओलं बोट लागलं तरी शाई पसरते.

ए-४ पानावर ४ बाय ६ चे दोन फोटो पुरे. जास्त कोंबले तर लिहायला जागाच उरत नाही. फोटोमागे रंगीत कार्डशीट लावायची असेल तर सव्वाचार बाय सव्वासहा इंच कापा, म्हणजे चारही बाजूंनी सारखी बारीक किनार दिसते. कात्रीने लांब सरळ रेघ येत नाही. स्टीलची पट्टी आणि नवं पातं घ्या, जोर न लावता दोन-तीनदा फिरवा. पोलरॉइडसारखे झटपट फोटो कापू नका, आतले रसायनांचे थर उघडे पडतात. आणि काहीही चिकटवण्याआधी पान मांडून मोबाइलवर त्याचा फोटो काढा.

फोटोव्यतिरिक्त वस्तू

मशीनमधून निघणारी एसटीची तिकिटं आणि दुकानाच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. त्यांची अक्षरं आपोआप फिकी होतात, म्हणून लगेच झेरॉक्स काढून ती लावा. वर्तमानपत्राच्या कात्रणाचंही तेच करा.

लग्नपत्रिकेचं भान वेगळं ठेवावं लागतं. तिला हळदकुंकू लावलेलं असतं आणि दमट हवेत ते समोरच्या फोटोवर उतरतं. पत्रिका पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरमध्ये घाला. कव्हरवर प्लास्टिकचा प्रकार सांगणारी खूण असेल तर त्रिकोणात ५ आकडा शोधा. ३ म्हणजे पीव्हीसी, त्यातून निघणारी द्रव्यं फोटो खराब करतात.

फूल लावायचं तर रद्दी आणि टिपकागदात दाबून दोन-तीन आठवडे पूर्ण सुकू द्या. देठात जरा जरी ओल राहिली तरी बुरशी येते. शिंपले, बटणं, मोती यांचे समोरच्या फोटोवर खड्डे पडतात. त्यांच्यासाठी वेगळी डबी बरी.

नावं न लिहिणं

ही चूक आज दिसत नाही, वीस वर्षांनी दिसते. ‘आजीसोबत’ एवढं लिहू नका. कुठली आजी, कुठलं गाव, कुठलं वर्ष? ‘आईची आई, सुमनआजी, गणपतीत, सावंतवाडी, २०१९’ एवढ्या ओळीने तो फोटो घराण्याचा होतो. साध्या पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी चिकटवा. खाडाखोड झाली तर पान वाचतं. पेन पिगमेंट शाईचं (जिचा रंग पाण्यात विरघळत नाही), ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरचं. बरीच जेल पेनं ओलाव्याने पसरतात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं तर दाबाने पुढे उठाव दिसतो, तिथे मऊ पेन्सिल हलक्या हाताने चालवा.

बिघडलं तर

लाटा आलेलं पान दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचं वजन दोन दिवस द्या. पूर्ण सपाट होत नाही, पण बरंच बसतं. जून ते सप्टेंबर समोरासमोरच्या फोटोंमध्ये ॲसिड-फ्री टिश्यू घाला. अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका.

चुकीच्या जागी चिकटलेला फोटो ओढू नका आणि पाणी तर लावूच नका. आधी आहे त्या जागीच त्याचा चांगला फोटो काढून ठेवा. मग दातांसाठीचा फ्लॉस घ्या, मेण आणि वास नसलेला. तो एका कोपऱ्यामागे सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे करत पुढे न्या, फोटो न वाकवता. गोंद दाद देत नसेल तर तिथेच थांबा आणि फोटोभोवतीचा कागद कापून तो तुकड्यासकट नव्या पानावर लावा.