समन्स बजावले जात नसल्याने रखडलेला वाटपाचा दावा : माझा अनुभव

तापीकाठच्या आमच्या सामाईक केळीच्या मळ्याच्या वाटपाचा दावा पुढे सरकत नव्हता. सुरतेला गेलेल्या चुलतभावाचे समन्स ‘मिळून आला नाही’ या बेलिफाच्या (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या) शेऱ्यानिशी परत येई आणि पुढची तारीख पडे. या तारखांचा वीट आला होता. पुन्हा भत्ता (समन्स बजावणीचे शुल्क) भरणे, रजिस्टर पोस्ट, दोन्ही निष्फळ ठरले.

शेवटी बेलिफाचे अहवाल व परत आलेले लिफाफे जोडून, त्याचा शोध कोठे कोठे घेतला हे मी शपथपत्रात नमूद केले आणि वकिलांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 20 खाली जाहीर समन्साचा अर्ज दिला. मंजुरीनंतर त्याचे शेवटचे ज्ञात वास्तव्य जळगाव जिल्ह्यात असल्याने तेथेच खपणाऱ्या दैनिकात (दर स्वस्त म्हणून भलत्याच गावच्या नव्हे) ते छापून मूळ अंक दाखल केला. नेमल्या तारखेस तो गैरहजर राहिला, तेव्हा त्याच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाला.