जुन्या पिकअपचा इंडिकेटर नीट चालत नसेल तर फ्लॅशर बदलायच्या आधी अर्थची वायर बघा

आमची पिकअप २०१२ ची, रोज पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजी भरून कळव्याला येते. गेल्या पावसाळ्यात तिचा डावा इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवर टिकटिक एकदम फास्ट व्हायची, आणि मागच्या गाडीवाल्याला पिवळ्या दिव्याऐवजी लाल टेल लॅम्पच मिणमिणताना दिसायचा. ठाणे-बेलापूर रोडवर डावीकडे वळताना एक बाईकवाला अगदी हौद्याला घासून गेला, बिचाऱ्याला मी वळतोय हे कळलंच नव्हतं. त्या दिवशी मी गाडी बाजूला घेतली आणि ठरवलं की हे आजच्या आज बघायचं. वायरमनने आधी फ्लॅशर (इंडिकेटरला टिकटिक मारायला लावणारा रिले) बदलला, काही फरक नाही, मग स्विच बदलूया म्हणाला. शेवटी चूक निघाली मागच्या दिव्याच्या अर्थच्या एका बोल्टमध्ये. अर्थ म्हणजे दिव्यातून करंट परत नेणारी वायर, ती चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने जोडलेली असते. म्हणून लिहितोय, पार्ट विकत घ्यायच्या आधी अर्धा तास स्वतः बघा.

सामान फार लागत नाही. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढाच), एक दीड-दोन मीटर वायर, पॉलिश पेपर, १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, आणि असेल तर मल्टीमीटर.

सगळ्यात आधी हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम मारायचं बटण) लावा आणि खाली उतरून गाडीला पूर्ण फेरी मारा. चारही दिवे नीट मारतायत पण इंडिकेटरची दांडी फिरवली की काहीच होत नाही, म्हणजे फ्लॅशर, बल्ब आणि मागपर्यंतची वायरिंग बरी आहे. मग चूक इंडिकेटरच्या फ्यूजमध्ये, हॅझर्डच्या बटणात किंवा दांडीच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये. हॅझर्डचं बटण बऱ्याच गाड्यांमध्ये दुहेरी काम करतं, ते बंद असताना इंडिकेटरचा करंट त्यातूनच फ्लॅशरला जातो, आणि वर्षानुवर्षं कोणी दाबलेलं नसतं म्हणून आतले पॉइंट काळे पडतात. ते दहा-पंधरा वेळा दाबून सोडा, कित्येकदा तेवढ्यावरच इंडिकेटर सुरू होतो. फ्यूज मात्र नुसता बघून सोडू नका, काढून दोन्ही पाय साफ करा, आणि जेवढ्या अँपियरचा होता तेवढ्याचाच टाका, लाल १० चा, निळा १५ चा. फ्यूज परत परत उडतोय म्हणून तिथे जाड वायर गुंडाळायची नाही, आग लागते.

हॅझर्ड पण नाही आणि इंडिकेटर पण नाही, आणि फ्यूज चांगले आहेत, तर फ्लॅशरवर या. तो बहुतेक तीन पायांचा असतो, एकावर करंट येतो, एकावरून दिव्यांकडे जातो आणि तिसरा अर्थ. फ्लॅशर काढा, टेस्ट लॅम्पने करंटचा पाय शोधा, मग तो आणि दिव्यांकडे जाणारा पाय छोट्या वायरीने जोडा. आता चावी ऑन करून दांडी डावीकडे फिरवली की डावीकडचे दिवे न मारता सरळ लागून राहिले पाहिजेत. लागले तर फ्लॅशर गेलाय, निवांत नवीन घ्या. अर्थच्या पायाला चुकून वायर लागली तर फ्यूज उडेल तेवढं जपा.

एकच बाजू फास्ट मारत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय किंवा त्याला पूर्ण करंट मिळत नाही. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, म्हणजे साधारण पावणेदोन अँपियर ओढतो, आणि फ्लॅशर हा करंट ओळखून चालतो, करंट कमी झाला की तो दुप्पट वेगाने मारून सांगतो की एक दिवा गेला. म्हणूनच लोक एलईडी बल्ब टाकतात आणि मग बल्ब चांगला असून टिकटिक फास्ट होते, त्याला एलईडीवर चालणारा फ्लॅशर घालायचा, रेझिस्टर लावून काम भागतं पण तो चांगलाच तापतो, प्लॅस्टिकला किंवा वायरीच्या गुच्छाला चिकटवून ठेवू नका. बल्ब घेताना जुना सोबत न्या. पांढऱ्याच्या दोन पिना समोरासमोर असतात, पिवळ्याच्या जरा वाकड्या कोनात, दुसरा जबरदस्तीने बसवला तर होल्डरच तुटतो.

आता खरं दुखणं. इंडिकेटर दिला की टेल लॅम्प पण मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, असं दिसलं तर डोळे झाकून अर्थ धरा. मागच्या दिव्यातल्या सगळ्या बल्बना अर्थची एकच वायर असते. ती तुटली किंवा गंजली की करंटला परतीचा रस्ता मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो आणि तो शेजारचा उगाच पेटतो. तपासायचं सोपं आहे: लांब वायरीचं एक टोक चासीच्या स्वच्छ खरवडलेल्या लोखंडाला, दुसरं दिव्याच्या अर्थच्या वायरीला लावा. इंडिकेटर एकदम नीट मारायला लागला तर तुमचं निदान झालं. मल्टीमीटर असेल तर टेल लॅम्प चालू ठेवून दिव्याची अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये व्होल्ट बघा, ०.२ च्या आसपास ठीक, एक-दीड दाखवलं तर अर्थ खराब.

आमच्या गाडीत आधीच्या मालकाने मासळी वाहिलेली, बर्फाचं खारं पाणी फाळक्याच्या फटीतून थेट त्या बोल्टवर टपकत होतं. बोल्ट खोलला तर वायरीच्या रिंगवर हिरवी पावडर आणि खाली लोखंडाला लालभडक गंजाचे पापुद्रे, बोटाने दाबलं तर सुटून हातात येत होते. वायर वरून चांगली दिसत होती, पण कापून बघितली तर आतलं तांबं काळं पडलेलं चांगलं दोन-तीन इंच. तेवढा तुकडा काढून टाकला, नवीन रिंग दाबून बसवली, पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. इथे खाडीचा खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे ग्रीस विसरू नका. नुसती टेप गुंडाळलीत तर आत पाणी अडकून जास्त लवकर सडतं.

अर्थ करूनही राहिलंच तर चासीवरून मागे जाणारी वायर हात फिरवत बघत जा, खासकरून हौदा जिथे चासीवर टेकतो आणि जिथे क्लिप तुटून वायर लोंबते तिथे. माल भरला की हौदा दबतो आणि वायर चेपते, म्हणून रिकाम्या गाडीत चालणारा इंडिकेटर भरल्यावर बंद पडला तर नक्की इथेच बघा. वळण झाल्यावर दांडी आपोआप परत येत नसेल तर तो स्टेअरिंगखालचा कॅम तुटलाय, ते स्टेअरिंग खोलायचं काम आहे, माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

मालवाहू गाडी ८ वर्षांवरची असेल तर फिटनेस दरवर्षी करायला लागतो आणि तिथे दिवे बघतातच, पण त्यासाठी थांबू नका. आम्ही आता मार्केटमध्ये गाडी मागे घेताना बंद शटरसमोर लावतो आणि हॅझर्ड देतो, पहाटेच्या अंधारात शटरवर दोन पिवळे उजेड बरोबरीने मारताना दिसले की मगच क्रेट चढवायला घेतो.