ऑक्टोबरच्या उन्हात बांगडा आणला, तर बर्फात कंजुषी करू नका

पाऊस उघडला की मुंबईचा पारा ३५ अंशांकडे सरकतो आणि बांगडा याच दिवसांत भरभरून येतो. मच्छीमार बांधवांनी आता बर्फाला हात आखडू नये.

बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रथिनांतला घटक भरपूर असतो. मेलेला मासा गरम राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन हे बाधणारं द्रव्य करतात. ते एकदा झालं की तळून, उकळून, गोठवूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, बहुतेकदा तासाभरातच. मासा मात्र दिसायला ताजाच असू शकतो, म्हणून वासावर विसंबू नका.

किलोभर मासळीला किलोभर बर्फ, हे माप धरा. तोही चुरा करून: तळाला बर्फ, वर मासळी, पुन्हा बर्फ. मोठे तुकडे टाकले तर मधल्या मासळीला गारवा पोचत नाही. पेटीतलं पाणी निथळू द्या. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला लिलाव लांबला, तर ढीग उघडा ठेवू नका. बर्फ पांढराच घ्या. अखाद्य बर्फाला राज्यात २०१८ पासून निळा रंग घालतात, तो मासळीला लावायचा नाही.

बाजारात बसणाऱ्या मावश्यांनो, दिवसभर तापलेला बांगडा खारवून सुकवायला टाकू नका. सुक्या बांगड्यातही हिस्टामाइन राहतंच. नुकसान होतं हे कळतं, पण तो माल टाकूनच द्यावा.

आता दूधवाल्यांसाठी: आरे, जोगेश्वरीच्या तबेल्यांत पहिल्या धारा वेगळ्या काढून पाहा. गुठळ्या (कासेच्या आजाराची खूण) दिसल्या तर ते दूध इतर दुधात मिसळू नका. म्हैस गाभडली तर ब्रुसेलोसिस या माणसालाही लागणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची तपासणी करून घ्या, गर्भासोबत पडलेली वार उघड्या हातांनी उचलू नका. चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना याची लस मिळते. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध विकू नका. हे दूध लहान मुलं पितात. दूषित अन्नाने जगात वर्षाला सुमारे ४ लाख २० हजार माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज आहे. त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा आहे.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी अंडी रोज गोळा करावीत, सावलीत ठेवावीत. तडकलेली विकू नयेत, घरीही पूर्ण उकडूनच खावीत.