रीफ टँकमधल्या गोगलगायी उलट्या पडतायत, हर्मिट क्रॅब शंख सोडतायत: माझा अनुभव

जळगावचा मे, पारा ४४ वर, आणि माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, टर्बो गोगलगायी तळाला उलट्या, हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) शंखाबाहेर. खाणं बदललं, बॅक्टेरियाची बाटली ओतली, फरक शून्य, डोकं पार फिरलं. रिफ्रॅक्टोमीटरने मोजलं तर खारटपणा १.०३० (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता), म्हणजे जास्तच! टँकवर लावलेल्या पंख्याने पाणी गार होतं पण उडतंही भराभर, मीठ मात्र आतच राहतं ना.

आधी रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर सेट केला, मग थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं गोडं पाणी हळूहळू घातलं, दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त उतरू दिलं नाही, १.०२५ ला थांबलो. आता काचेवर मार्करची रेघ, पातळी खाली गेली की सकाळ-संध्याकाळ फक्त आरओ, बोअरचं तर नकोच. आणि रिकामे मोठे शंख टाकून ठेवा, नाहीतर क्रॅब शंखासाठी गोगलगायच मारतो.