दांड्या वाढवल्या, तरी चॅनल का गेला? टीव्ही अँटेनाच्या या चुका टाळा

सिग्नल कमी पडला की बहुतेकांचा उपाय ठरलेला: जास्त दांड्यांचा अँटेना लावायचा. यागी-उडा प्रकारात (एका आडव्या दांड्यावर अनेक काड्या बसवलेला, छतावरचा नेहमीचा अँटेना) डायरेक्टर, म्हणजे पुढच्या दांड्या, वाढवले की गेन, म्हणजे एका दिशेने सिग्नल पकडायची ताकद, वाढतो, हे खरंच आहे. पण गेन दांड्या मोजून ठरत नाही, तो मुख्यतः बूमच्या, म्हणजे या दांड्या ज्यावर बसतात त्या आडव्या नळीच्या, लांबीवर ठरतो. बूम दुप्पट केला तरी फार तर ३ डेसिबल (सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं एकक) हाती लागतात, बहुधा त्याहून कमीच. बदल्यात बँडविड्थ, म्हणजे अँटेना नीट काम करतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, आवळते आणि दिशा इतकी काटेकोर होते की वाऱ्याने पाइप जरा फिरला तरी चित्राचे चौकोन पडतात.

मधल्या चॅनलवर माप काढणं

घरी अँटेना बनवणारे दांड्यांची मापं मधल्या चॅनलवरून काढतात आणि हमखास इथे फसतात. यागीचा गेन फ्रिक्वेन्सीबरोबर हळूहळू चढतो आणि एका मर्यादेनंतर धाडकन कोसळतो. डायरेक्टर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा आखूड असतो, म्हणून तो सिग्नलला पुढच्या दिशेने साथ देतो. ५०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ३० सेंमी, ६०० ला २५ सेंमी. म्हणजे २७ सेंमीचा डायरेक्टर ५०० ला मदत करतो आणि ६०० ला रिफ्लेक्टरसारखा (सिग्नल परत फिरवणाऱ्या मागच्या दांडीसारखा) वाट अडवतो. म्हणून मापं सगळ्यात वरच्या चॅनलवरून काढा. चॅनल बँडभर विखुरलेले असतील तर सरळ लॉग-पिरिऑडिक (रुंद पट्ट्यासाठीचा अँटेना) घ्या. गेन कमी, पण सगळीकडे जवळपास सारखा.

खालचे चॅनल स्वच्छ आणि वरचे एकदम गायब, असं दिसलं तर संशय मापांवर घ्या. केबलमधला तोटाही वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढतो, पण तो असा अचानक तुटत नाही.

बॅलन गाळणं

बॅलन म्हणजे अँटेना आणि केबल यांची जुळणी करणारा छोटा जोड. एकट्या फोल्डेड डायपोलचा (केबल जोडायच्या दुमडलेल्या दांडीचा) इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, सुमारे ३०० ओहम, केबलचा ७५. थेट जोडलं तर ३६ टक्के शक्ती परत फिरते, म्हणजे सुमारे १.९ डेसिबल गेले. माझ्या मते खरं नुकसान वेगळंच आहे: बॅलन नसला की केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचं काम करू लागते आणि घरातल्या उपकरणांचा नॉइज उचलते. केबल हातात धरल्यावर सिग्नलचा आकडा हलत असेल, तर आधी ४:१ बॅलन (३०० ओहमचे ७५ करणारा) तपासा. ७५ च्या जागी ५० ओहमची केबल लागली म्हणून मात्र झोप उडवू नका. तिथे जेमतेम ४ टक्के परत फिरतात.

‘साधा (न दुमडलेला) डायपोल ७३ ओहमचा, मग बॅलन कशाला?’ हा युक्तिवादही फसवा. ७३ हा आकडा डायपोल एकटा असतानाचा. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर जवळ आले की तो बराच खाली येतो, म्हणूनच यागीत फोल्डेड डायपोल वापरतात. आणि इम्पिडन्स जुळला तरी जाळीवरचा करंट अडवायला बॅलन लागतोच.

टीव्हीमागे बूस्टर

ॲनालॉगच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसायच्या. डिजिटलमध्ये चित्र नीट येतं, नाहीतर फुटतं. त्यामुळे सिग्नल आणि नॉइजमधलं अंतर महत्त्वाचं. ३० मीटर आरजी-६ (टीव्हीची नेहमीची) केबल यूएचएफला, म्हणजे टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सींना, साधारण ५ डेसिबल खाते. तेवढं गमावल्यावर बूस्टर लावला तर तो नॉइजही तितकाच वाढवतो. तो वर, अँटेनाजवळच हवा. टॉवर जवळ असेल तर बूस्टर काढूनच बघा: ओव्हरलोड झालेल्या ट्यूनरची (टीव्हीतल्या चॅनल पकडणाऱ्या भागाची) लक्षणं कमी सिग्नलसारखीच दिसतात.